मंगळवारी चार वाजता ये

प्रॅक्टिकलची जर्नल परत मिळाली तेव्हा माझ्या पानाच्या समासात लाल शाईने दोनच वाक्यं होती. 'हे असं का आलं असेल? मंगळवारी चार वाजता येऊन भेट.' गुण नाहीत, सही नाही. माझ्या पोटात गोळाच आला. बोलावणं म्हणजे बोलणी खाणं, एवढाच माझा तोवरचा अनुभव.

प्रयोग साधा होता. एन्झाइमचं तापमान वाढवत नेलं की त्याचा वेग वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर कोसळतो. आलेख टेकडीसारखा यायला हवा. माझी टेकडी मध्येच खचली होती आणि पुन्हा वर चढली होती. वर्गातल्या बहुतेकांनी पुस्तकातली टेकडी समोर ठेवून आकडे 'बसवले' होते. मी बसवले नव्हते, आणि त्यात प्रामाणिकपणाचा काही भाग नव्हता. आकडे असे बसवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी मॅडमनी खुर्ची दाखवली आणि विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांग. फालतू वाटेल तेही सांग." मी आठवत आठवत सांगत गेले. शेवटी आठवलं की एकच वॉटर बाथ, म्हणजे नळ्या ठरावीक तापमानाला ठेवायचं गरम पाण्याचं भांडं, आम्ही दोन गट मिळून वापरत होतो आणि शेजारच्या गटाने मध्येच झाकण उघडून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मग पुन्हा करून बघू या?" गुरुवारी पुन्हा केलं, झाकण बंद ठेवून. खड्डा गेला. माझ्या आयुष्यातला पहिला शोध: झाकण उघडं होतं.

हसू येतं, पण त्या गुरुवारी मी घरी उड्या मारत गेले होते.

नंतर मॅडमनी विचारलं, पुढे काय करणार? मी म्हटलं, नोकरी. संशोधनाचा विचार केलास का? यावर मी खरोखर हसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील रात्रपाळीला जायचे, आई शिवणकाम करायची, मी संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायचे. पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षांची फी, असा माझा पक्का समज होता. मॅडमनी शांतपणे सांगितलं की विज्ञानात बऱ्याच ठिकाणी पीएचडी करणाऱ्याला विद्यावेतन मिळतं. फार नसतं, पण मिळतं. मी वीस वर्षांची होते आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या वर्गातल्या ज्या दोघांचे आईवडील प्राध्यापक होते, त्यांना ती दहावीतच ठाऊक होती.

हा फरक किती मोठा आहे, ते मला फार नंतर आकड्यांत दिसलं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आठ विषयांच्या 7,204 प्राध्यापकांकडून त्यांच्या घरची माहिती घेतली होती. आई किंवा वडील पीएचडी असण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत 25 पटींपर्यंत जास्त निघालं. वाचून मला रागही आला आणि हायसंही वाटलं. म्हणजे मी मठ्ठ नव्हते, मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मॅडमनी त्यांच्या लॅबमध्ये दोन महिने काम करायला बोलावलं. मी नाही म्हटलं. कारण काय दिलं, तर 'घरी लग्न आहे'. मॅडम म्हणाल्या, "दोन महिने?" मग मात्र मला खरं सांगावं लागलं. दुकानातली नोकरी सोडली तर घरात तेवढे पैसे कमी पडणार होते. त्या एकदम गप्प झाल्या, आणि आठवड्याभराने त्यांनी एका छोट्या प्रकल्पातून माझ्यासाठी मानधन काढलं. दुकानाएवढं नव्हतं, पण निभावण्यापुरतं होतं. फुकट काम करून 'अनुभव' मिळवणं ही चैन आहे, आणि जे ती करू शकत नाहीत त्यांना आवडच नाही, असं धरून चाललं जातं. त्यांनी तसं धरलं असतं, तर माझी गोष्ट इथेच संपली असती.

लॅब होती किड्यांची. सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी. त्याच्या नेहमीच्या उभयलिंगी प्रकारात बरोबर 302 चेतापेशी असतात, एक कमी नाही की एक जास्त नाही. अंड्यातून बाहेर पडून तीनेक दिवसांत तो प्रौढ होतो, दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. सिडनी ब्रेनर यांनी 1960च्या दशकात हा कृमी अभ्यासासाठी निवडला आणि पुढे 2002 साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. मला मात्र पहिले दोन आठवडे तो उचलताही येत नव्हता. प्लॅटिनमच्या तारेचं टोक चपटं करतात, त्याला जिवाणूंचा चिकट थर लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत कृमीला अलगद टेकवून उचलायचं. माझी तार अगारमध्येच, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या थरातच, रुतायची. अगार फाटला की कृमी त्या भेगेत शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा.

लॅबमध्ये पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेली एक ताई होती. पहिल्या दिवशी तिने मला एक जुनी डिश दिली आणि म्हणाली, "ही फाडायसाठीच आहे. शंभर कृमी मार, मग ये." आजवर कुणी मला इतकं मोकळं सोडलं नव्हतं. चुका करायला परवानगी मिळाली, आणि वर कोटाही ठरवून मिळाला. साठाव्या कृमीच्या आसपास हात बसला.

माझं काम होतं आयुर्मान मोजायचं. रोज सकाळी प्रत्येक कृमीला तारेने हलकेच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत, हलला नाही तर पुन्हा एकदा स्पर्श, आणि मग वहीत फुली. ऐकायला सोपं आहे. पण एक कृमी साधारण तीनशे अंडी घालतो. तीन-चार दिवसांत पिल्लं मोठी झाली की आई कोण आणि लेक कोण ते ओळखू येत नाही. म्हणून अंडी घालण्याच्या काळात मोठ्यांना रोज नव्या डिशमध्ये हलवावं लागतं. एका रविवारी मी घरी थांबले, वडिलांना ताप होता. सोमवारी गेले तर डिशमध्ये गर्दीच गर्दी. आठ दिवसांचं काम पाण्यात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि ठरवलं की मॅडमना सांगायचं, मला हे जमत नाही.

ताईने तिचं जुनं कपाट उघडून तीन वह्या दाखवल्या. प्रत्येकीत अशी फुकट गेलेली पानं होती, तारखांसकट. ती म्हणाली, "रविवारची पाळी वाटून घ्यायची असते. हे तुला आम्ही सांगायला हवं होतं." दोष तिने आपल्याकडे घेतला, हे मला त्या दिवशी विचित्र वाटलं होतं. आता मी स्वतः मुलांना शिकवते तेव्हा पटतं की ती खरंच बोलत होती.

लॅब मीटिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो काळ कंटाळवाणाच होता. सहा आठवडे मला काही कळलं नाही. मी मान डोलवायचे. सातव्या आठवड्यात धीर करून एका शब्दाचा अर्थ विचारला, तर पोस्टडॉक असलेला, म्हणजे पीएचडी संपवून पुढचं संशोधन करणारा एकजण म्हणाला, "बरं झालं विचारलंस, मलाही नक्की माहीत नाही." तेव्हापासून मी दर बैठकीत एक तरी प्रश्न विचारायचा नेम केला.

या न्यूनगंडाला नाव आहे हे मला नंतर कळलं. 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या 'आपण खोटे आहोत, आता पकडले जाऊ' या भावनेबद्दल लिहिलं, तिला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हटलं, आणि तेव्हापासून ते नाव सगळीकडे पसरलं. मला ते अर्धंच पटतं. आत्मविश्वास कमी होता हे खरं, पण माहितीही कमी होती. बाकीच्यांना जे घरी जेवताना ऐकायला मिळालं, ते मला विचारून विचारून गोळा करावं लागत होतं. अशा मुलीला आत्मविश्वासावरचं व्याख्यान ऐकवून काय होणार? तिला यादी द्या, तारखा द्या, कुणाशी बोलायचं ते सांगा.

अर्जांचं वर्ष आलं तेव्हा हे फारच जाणवलं.

सुरुवात मेलने झाली. ज्या प्राध्यापकांकडे काम करायचं आहे त्यांना आधी लिहून विचारायचं असतं, हेही मला ताईने सांगितलं. मी 'आदरणीय महोदय' असा एक मेल तयार केला आणि तोच तेवीस जणांना पाठवायच्या बेतात होते. ताईने लॅपटॉप माझ्या हातातून काढूनच घेतला. मग एकेकाचा एक तरी पेपर वाचायचा, त्यातल्या एका आकृतीवर एक खरा प्रश्न लिहायचा, आपण काय केलंय ते दोन ओळींत, आणि शेवटी 'पुढच्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का?' एवढंच. मेल मोबाइलच्या एका पडद्यावर मावला पाहिजे. तेवीसचे अकरा झाले. पाच जणांची उत्तरं आली, त्यातली दोन 'यंदा जागा नाही' अशी. या 'नाही'बद्दलही मी आभारीच आहे, अर्जाची फी वाचली.

ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांचं मी मनाला लावून घेतलं होतं. मॅडमनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या 259 विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून जास्त प्राध्यापकांना काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने सारखाच मेल पाठवला होता: पीएचडीत रस आहे, भेटायला वेळ द्याल का? मजकूर तोच, बदलली फक्त नावं. गोऱ्या पुरुषांच्या वाटणाऱ्या नावांना इतरांपेक्षा जास्त उत्तरं मिळाली. "म्हणजे उत्तर आलं नाही याचा अर्थ तू कमी पडलीस असा काढू नकोस," मॅडम म्हणाल्या, "आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा लिही." पुन्हा लिहिता येतं, हेही मला माहीत नव्हतं. तो उद्धटपणा होईल असं मला वाटायचं. दुसऱ्या मेलला आणखी दोन उत्तरं आली, आणि त्यातलं एक आज माझं गाइड आहे.

स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपण काय केलंय आणि पुढे काय करायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, मी नऊ वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती, 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती.' मॅडमनी ते वाक्य खोडून शेजारी लिहिलं, 'सगळ्यांनाच असते.' दुसऱ्या खर्ड्यात मी घरची परिस्थिती ओतली होती, वाचणाऱ्याचे डोळे पाणावतील अशी. ती त्यांनी खोडली नाही. त्यांनी विचारलं, "यातून तू काम कशी करतेस याबद्दल मला काय कळतं?" आम्ही दोघी बराच वेळ वाद घालत बसलो. मला वाटत होतं की हे लिहिलं नाही तर माझे कमी गुण कसे समजणार? शेवटी तीन ओळी राहिल्या: पदवीची पहिली दोन वर्षं आठवड्याला वीस तास नोकरी केली, दुसऱ्या वर्षी गुण घसरले, तिसऱ्या वर्षी लॅबचं मानधन मिळू लागल्यावर नोकरीचे तास कमी झाले आणि गुण चढले. रडणं नाही, लपवणं नाही. बाकीची दोन पानं कृमींची. ती रविवारची फजिती आणि त्यानंतर मी तयार केलेलं पाळ्यांचं वेळापत्रकही त्यात होतं.

शिफारसपत्रांचा मला सर्वांत जास्त धसका होता. मागायचं कसं? ताईने एक वाक्य पाठ करून घेतलं: "तुम्ही माझ्यासाठी चांगलं पत्र लिहू शकाल का?" यात 'चांगलं' हा शब्द महत्त्वाचा. समोरच्याने आढेवेढे घेतले तर सोडून द्यायचं. एका सरांनी घेतले. ते म्हणाले, "संशोधन सगळ्यांसाठी नसतं, तू नोकरी बघ, घराला आधार होईल." वाईट हेतूने बोलले नाहीत, पण माझ्या घराला कशाने आधार होईल हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या सरांनी आनंदाने होकार दिला. त्यांना मी एक पान नेऊन दिलं: त्यांच्या वर्गात मी काय केलं, कोणता प्रश्न विचारला, कुठे अडले. मॅडमचा आग्रह होता, कारण नुसतं विचारलं तर पत्रात 'मेहनती, शांत, आज्ञाधारक' असं येतं, मुलींच्या बाबतीत तर हमखास. 2003 साली एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास झाला होता. त्यातही स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड आणि कष्टाळूपणावर भर देणारी निघाली होती. 'मेहनती' या शब्दात वाईट काही नाही, पण त्यावर पीएचडीची जागा कुणी देत नाही.

अर्जाची फी माफ करून घेता येते, हे मला संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं. मी चार ठिकाणी लिहून विचारलं, तीन ठिकाणी माफ झाली. सगळीकडे होतेच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

घरी सांगणं राहिलंच होतं. मी मॅडमसमोर बोलायला शिकले होते, पण वडिलांसमोर जीभ टाळ्याला चिकटली. त्यांचे प्रश्न सरळ होते. किती वर्षं? पाच, कदाचित सहा. मग नोकरी नक्की? नाही, नक्की नाही. पगार? मी विद्यावेतनाचा आकडा सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे शिकायचे पैसे देतात?" त्यांना त्यात काहीतरी फसवणूक असावी असं वाटत होतं. पुढच्या रविवारी मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, कृमी वळवळताना पाहिला आणि विचारलं, "याला तू रोज बघायला येतेस?" मी म्हटलं, रोज. "रविवारी पण?" पाळी असेल तर रविवारी पण. रात्रपाळीच्या माणसाला ही भाषा कळत होती.

मुलाखती ऑनलाइन झाल्या. मी उत्तरं पाठ केली होती आणि त्यातला एकही प्रश्न आला नाही. एकीने विचारलं, "आयुर्मान मोजताना काही कृमी हरवतात, त्यांचं काय करता?" मला इतका आनंद झाला की मी पंधरा मिनिटं थांबलेच नाही. काही कृमी डिशच्या भिंतीवर चढतात आणि तिथेच वाळून मरतात. ते म्हातारपणाने मेलेले नसतात, म्हणून त्यांना मृत धरायचं नाही. पण गाळूनही टाकायचं नाही. त्या दिवसापर्यंत तो जिवंत होता एवढं आपल्याला माहीत असतं, तेवढं हिशेबात राहतं. याला 'सेन्सॉर' करणं म्हणतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी मुलाखत देत नाहीये, गप्पा मारतेय.

एकूण आठ अर्ज. पाच नकार, एक जागा आजतागायत 'विचाराधीन' आहे, दोन होकार. पहिले तीन नकार एकाच आठवड्यात आले आणि त्या आठवड्यात मी लॅबमध्ये गेले नाही. चौथ्या दिवशी ताईचा निरोप आला, 'तुझे कृमी उपाशी आहेत.' सहानुभूतीचा एक शब्द नव्हता त्यात. मी गेले.

आज मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे पदवीच्या मुली येतात आणि त्यांतल्या एकीची जबाबदारी माझ्याकडे असते. मला वाटलं होतं की मी मॅडमसारखी वागेन. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी मी तिला सारखं 'तू खूप हुशार आहेस' सांगत राहिले आणि रविवारच्या पाळ्यांचं सांगायचं विसरले. तिच्याही डिशा गेल्या. मग मी माझी वही उघडून दाखवली, एवढं तरी मला सुचलं.

तिला मी रोनाल्ड मॅकनेअर यांची गोष्ट सांगितली होती. साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटी या गावात 1959 साली नऊ वर्षांचा हा कृष्णवर्णीय मुलगा ग्रंथालयात गेला, तर त्याला पुस्तकं देईनात आणि तो हलेना. पोलिसांना बोलावलं गेलं. पुढे 1976 साली त्याने एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएचडी घेतली, तो अंतराळवीर झाला, आणि 1986च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने अमेरिकेत एक सरकारी कार्यक्रम चालतो. घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेल्या, कमी उत्पन्नाच्या आणि उच्च शिक्षणात कमी दिसणाऱ्या समाजांतल्या मुलांना तो पीएचडीसाठी तयार करतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला पुस्तकं शेवटी मिळाली का?" हो, मिळाली. "मग पुस्तकं कुणी दिली, त्याचीच गोष्ट सांगा ना."

ती पीएचडीला गेली नाही. धाकट्या भावाचं शिक्षण होतं, तिने नोकरी धरली. मी समजावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण तिचा हिशेब माझ्यापेक्षा तिलाच जास्त नीट माहीत होता. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मध्ये खंड पडल्यावर अर्ज केला तर चालतो का, शिफारसपत्रं अजून मागता येतील का, असं विचारत होती. मी म्हटलं, चालतो, आणि एक पत्र तर मीच लिहीन. मग तिने विचारलं की तिने मोजलेल्या कृमींचा तक्ता अजून आहे का. मी कपाट उघडलं. तिच्या वहीत शेवटच्या पानावर, तिच्याच अक्षरात, भिंतीवर चढलेल्या सात कृमींसमोर फुली नव्हती, 'सेन्सॉर' लिहिलं होतं. मी पानाचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली लिहिलं, मंगळवारी चार वाजता बोलू.